पावसाची रात्र आली की छाती धडधडते. देवावर भार टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

वाशिष्ठीकाठची :

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची. बाजारपेठेत खाली आमचं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. अस्तर, बटणं, लेस, रिळं असं सगळं. वर आम्ही राहतो. घरात सासूबाई, हे, मी आणि चौथीतला मुलगा.

२२ जुलै २०२१ चा पूर आम्ही घरातूनच पाहिला. पाणी दारातून आलंच नाही आधी. मोरीच्या जाळीतून उलटं बुडबुडत आलं. रिळांचे खोके वरच्या फळीवर चढवेपर्यंत गुडघ्याला लागलं, मग आम्ही दुकान सोडून वर पळालो. वीज गेली, मोबाईल गेले. पाणी जिन्याची एकेक पायरी घेत होतं. कुणाकुणाचे गॅसचे सिलिंडर तरंगत येऊन जिन्याच्या कठड्यावर आपटायचे, तो ठण् ठण् आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. सासूबाईंनी देव्हाऱ्यातले टाक आणि बाळकृष्ण स्टीलच्या डब्यात घातले, डबा मांडीवर घेतला आणि रामरक्षा म्हणत बसल्या. त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. मी मात्र बॅटरी मारून पायऱ्या बघत होते.

पाणी वरच्या खोलीत आलं नाही, आम्ही सगळे वाचलो. पुढे गाळ काढणं, भिजलेलं अस्तर ट्रॉलीत भरून फेकणं, सगळं झालं. दुकानही पुन्हा उभं राहिलं. पण त्या वर्षापासून जून लागला की माझी झोप जाते. रेड अलर्टचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. रात्री उठून खिडकीतून गटार बघते. नगरपालिकेचा भोंगा वाजला की हातपाय गार पडतात, मग तो नुसता सावधानतेचा का असेना.

भैरी आमचं ग्रामदैवत. सासूबाई म्हणतात, "भैरी आहे ना राखायला, तू कशाला जागतेस?" त्या मनापासून म्हणतात आणि खरंच झोपतात. माझीही श्रद्धा आहे हो. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा माझे डोळे भरतात, ते काही खोटे नाहीत. मग भीती का वाटते? भीती वाटते म्हणजे माझा भरवसा कच्चा आहे का? अलर्ट आला की मी माल वर चढवायला घेते, तेव्हा मनात येतं, देवावर सोडलंय म्हणायचं आणि ही धावपळ करायची, हे दोन्ही एकत्र कसं?

त्यात परवा मुलाने विचारलं, "आई, भैरी राखतो तर पाणी आत कसं आलं?" मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी जरूर लिहावं.

मोजपट्टी :

ताई, अध्यात्मातलं मला फारसं सांगता येणार नाही, ते इथले वडीलधारे सांगतील. मी पाण्याचं थोडं सांगतो, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीतून येते असं माझं मत आहे.

दर पावसाळ्यात "कोयनेचे दरवाजे उघडले" असा मेसेज फिरतो आणि चिपळूणकर घाबरतात. कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून सुटलेलं पाणी कोयना नदीतून कराडला जातं, तिथे कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीकडे. तुमच्याकडे येतं ते वीज तयार करून झालेलं पाणी. पोफळीहून कोळकेवाडी धरणात येऊन ते पुढे वाशिष्ठीत पडतं. म्हणजे तुम्ही बघायचं ते कोळकेवाडीचं, घाटमाथ्यावरच्या पावसाचं आणि भरतीच्या वेळेचं. उधाणाची भरती आणि अतिवृष्टी एकत्र आली की दाभोळच्या खाडीकडे पाण्याला वाट मिळत नाही, ते शहरात थांबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस आणि भरतीच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा. मग प्रत्येक सरीला दचकायचं कारण राहणार नाही, जपायच्या रात्री मोजक्याच आहेत हे दिसेल.

आणि एक पिशवी तयार ठेवा : कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, सासूबाईंची औषधं, बॅटरी, चार्ज केलेली पॉवर बँक, सुकं खाणं, पाणी. कुठल्या पातळीला घर सोडायचं आणि कुणाकडे जायचं, हे उन्हाळ्यातच ठरवा. रात्री दोन वाजता ठरवायला बसू नका.

शिवसागर :

वाशिष्ठीकाठच्या ताई, वर मोजपट्टींनी सांगितलं ते पाणी आमच्याकडून येतं. मी पाटण तालुक्यातला, निवृत्त शिक्षक. शिवसागर जलाशय आमच्या उशाला. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. मी तिसरीत होतो. आमचं घर दगडमातीचं. आधी जमिनीखालून जात्यासारखी घरघर आली आणि मग सगळंच हललं. आजीने मला आणि बहिणीला गोधडीसकट ओढून अंगणात आणलं. गोठ्याची भिंत बैलांवर पडली होती, त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. त्या भूकंपात दीडशेवर माणसं गेली, हजारो घरं पडली. कोयनानगर तर ओळखू येईना.

अंधारात कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" फुटलं नव्हतं, पण तेव्हा कोण सांगणार? पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती, सगळ्यांच्या मनात तेच. सारा गाव टेकडीकडे पळाला. आजीही आमचे हात धरून चढली. वर गेल्यावर तिने आधी घरची माणसं मोजली, मग शेजारचं एक लेकरू कुडकुडत होतं त्याला आपल्या अंगावरची घोंगडी गुंडाळली, आणि मग खाली बसून रोजचा काकडा म्हणायला लागली. पहाट होतीच, तिची ती रोजची वेळ. हळूहळू दोन-चार बायका तिच्यात मिसळल्या.

पुढे मोठेपणी मी तिला विचारलं, "आजी, खरंच धरण फुटलं असतं तर?" ती म्हणाली, "मग पाण्यात म्हटला असता."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी तिथे मिळालं. ती टेकडी चढली. विठोबा राखेल म्हणून अंगणात बसून राहिली नाही. आणि टेकडी चढली म्हणून तिचा विठोबावरचा भरवसा उणा झाला नाही. पाय दिलेत ते चढायला, ही तिची साधी समजूत. तिचा भरवसा 'धरण फुटणार नाही' यावर नव्हताच. फुटलं तरी विठोबा सुटणार नाही, यावर होता. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि आपली सगळी घालमेल पहिलीला श्रद्धा समजल्यामुळे होते, असं मला पासष्टी ओलांडल्यावर ठामपणे वाटतं. 'माझ्या घरात पाणी येणार नाही' असा शब्द देवाने कुणालाच दिलेला नाही. तो शब्द त्याच्या तोंडी आपण घालतो, आणि पाणी आलं की देव खोटा पडला असं वाटतं.

आपल्या संतांकडे बघा. तुकोबांच्या घरीही दुकान होतं, तुमच्यासारखंच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दिवाळं निघालं. पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे कीर्तनकारांनी पदरचं घातलेलं नाही, त्यांच्याच अभंगात आहे. लाज वाटली, या दुःखाने जीव त्रासला, असं ते स्वतः सांगतात. झाकून ठेवत नाहीत. आणि त्याच अभंगात पुढे काय येतं? देवाचं देऊळ पडकं झालं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं! सगळं गेलेला माणूस पडकं देऊळ सावरायला घेतो. मला तो अभंग दर वेळी थांबवतो. त्यांना शांती आधी मिळाली आणि मग ते कामाला लागले, असं नाही झालं. आधी हाताला काम घेतलं.

चोखोबा तर त्यांच्याही आधीचे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं, वेठीला धरलेल्या मजुरांत ते होते. १३३८ साली ते कूस ढासळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. चोखोबांपेक्षा जास्त नाम कुणी घेतलं होतं? तरी भिंत पडलीच. आणि म्हणून वारकऱ्यांनी विठ्ठलाला सोडलं का? पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, लाखो माणसं तिथे माथा टेकून आत जातात. आपल्या परंपरेने ही भिंत लपवलेली नाही. उलट देवाच्या दारातच ठेवली आहे.

आता तुमच्या रात्रीचं. आमच्याकडे अजूनही जमीन हलते. मधूनच मांडणीवरची भांडी किणकिणतात. आजी असेपर्यंत तिचा एक नेम होता. झोपण्याआधी कंदील, काडेपेटी आणि पाण्याची कळशी अंगणात नेऊन ठेवायची, दाराची कडी एकदा सरकवून बघायची, मग हात जोडून म्हणायची, "माझं झालं, आता तुझं." आडवी पडली की झोपलीच. तुम्ही माल वर चढवता तो नेमही याच जातीचा आहे. तो मन लावून करा, चोरट्यासारखा करू नका. तो झाला की मात्र मोठ्याने सांगा देवाला, माझं झालं. आणि मग खिडकीशी जाऊ नका.

नाम घ्यायचं तर ओठांनी घ्या, ऐकू येईल असं. घाबरलेल्या माणसाचं मनातल्या मनात काही टिकत नाही, दोन ओळींनंतर पुन्हा पाणीच दिसायला लागतं. मोठ्याने म्हटलं की श्वास लांबतो, छाती आपोआप खाली बसते. आणि सवय उन्हाळ्यात लावायची. तुमच्या सासूबाईंची रामरक्षा त्या रात्री कापली नाही, कारण ती आयुष्यभर रोज दिवेलागणीला म्हटलेली होती. संकटात नवीन काही आठवत नसतं. त्यांच्या शेजारी बसा रोज, एवढंच सांगेन.

रात्रपाळी :

मी परिचारिका आहे, मिरजेला. काकांचं वाचून दोनदा डोळे पुसले. तरी एक गोष्ट ताईंना सांगायलाच हवी.

ताई, तुमचे हातपाय गार पडतात, आवाज कानातून जात नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, हे पूर पाहिलेल्या पुष्कळ माणसांना होतं. सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडे अशी किती माणसं यायची! कुणाला ओल्या गाळाचा वास आला तरी घाम फुटायचा. शरीराने त्या रात्रीची आठवण धरून ठेवलेली असते. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि श्रद्धा कमी असण्याशी तर काहीच संबंध नाही. चांगल्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा. जायला जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन लावायचा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कोविडच्या वॉर्डात मी रोज आत जाताना गणपतीला हात जोडायचे आणि किटची चेन दोनदा तपासायचे. दोन्ही रोज.

वाशिष्ठीकाठची :

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवसागर काका, तुमच्या आजींचं "मग पाण्यात म्हटला असता" हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं."

रात्रपाळी ताई, नंबर लिहून ठेवला आहे. फोन करेन.

पण काका, एक विचारू का? तुमच्या आजी, माझ्या सासूबाई, ही माणसं मुळातच धीराची वाटतात मला. मी तशी नाही. मी देवासमोर बसते तेव्हाही मागणं एकच निघतं, पाणी नको येऊ दे. 'तुझी इच्छा' असं म्हणायला जीभच वळत नाही. असं मागणं चालतं का?

पाचूबंदर :

वाशिष्ठीकाठच्या ताई, मी वसईची, कोळीवाड्यातली. आम्ही ख्रिस्ती कोळी. तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले, कारण तो माझाच प्रश्न होता.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा आमची बोट बाहेर होती. घरवाला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सोबत दीर आणि खलाशी. वायरलेसवर नुसती खरखर. बंदरावर सगळ्या बायका उभ्या, वारा असा की उभं राहवेना. त्या वादळात कोकण किनाऱ्यावरची किती घरं उघडी पडली ते रत्नागिरी-रायगडच्या माणसांना विचारा. मी चर्चमध्ये गेले आणि रोझरीची माळ धरली, पण खरं सांगते, प्रार्थना अशी काही झालीच नाही. एकच घोकत होते, त्याला परत आण, त्याला परत आण. मला वाटत होतं, ही कसली प्रार्थना, हा तर हट्ट.

नंतर मी फादरांना हे सांगितलं. त्यांनी मला गेथशेमाने बागेची आठवण करून दिली. ज्या रात्री पकडून नेलं त्याच रात्री, त्याच्या थोडं आधी, येशू तिथे प्रार्थना करतो. हा प्याला माझ्यापुढून टळू दे, असं तो आधी मागतो. घाबरलेला असतो, घाम गळत असतो, सोबत्यांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्यानंतर येतं. आणि तेवढं म्हणून तो उठून जात नाही, पुन्हा पुन्हा तीच प्रार्थना करतो. फादर म्हणाले, बाई, पहिलं वाक्य न म्हणता तू दुसऱ्यावर उडी मारायला बघतेस. खुद्द प्रभूने मारली नाही.

तेव्हापासून मी मागते. वादळाची बातमी आली की सरळ मागते, परत आण. दुसरं वाक्य कधी येतं, कधी येत नाही. आमची बोट तेव्हा परत आली, ताई, दुसऱ्या बंदराला लागली होती. पण माझ्यासारखंच मागणाऱ्या कितीतरी बायकांची आली नाही, म्हणून माझ्या प्रार्थनेमुळे आली असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांतल्या काहींना मी ओळखते. त्या अजून माळ ओढतात. त्यांच्यासमोर मी मान खाली घालते.

आणि तो सोबत्यांना जागं राहायला सांगतो ना, ते लक्षात ठेवा. भोंगा वाजला की एकटीने खिडकीशी उभं राहू नका. नवऱ्याला उठवा. शेजारणीला फोन लावा.

शिवसागर :

पाचूबंदर ताईंनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी एवढीच भर घालतो की आमच्या गाथेतही देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, अगदी शिव्याशाप आहेत. मागणं चालतं का, असं विचारायचीही गरज नाही. लेकरू आईपाशी मागतंच.

आता मुलाचा प्रश्न राहिला. शाळेत इतकी वर्षं काढली म्हणून सांगतो, त्याला खोटं उत्तर देऊ नका. 'आपलं काहीतरी चुकलं म्हणून पाणी आलं' हे तर मुळीच सांगू नका, पोरं ते मनात धरून बसतात. पाऊस किती पडला, नदीत गाळ कसा साठला, भरती काय करते, हे मोजपट्टींसारखं त्याला कागदावर काढून दाखवा. पाणी आत का आलं याचं ते उत्तर. आणि भैरी कुठे होता, असं विचारलं तर चोखोबांची गोष्ट सांगा, पूर्ण सांगा, भिंतीसकट.

वाशिष्ठीकाठची :

काका, काल संध्याकाळी सांगितली. सासूबाईंची रामरक्षा झाल्यावर तिथेच बसून. आधी ह्यांनी त्याला वहीवर नदी, खाडी, भरती सगळं काढून दाखवलं. ते त्याला फार आवडलं, कोळकेवाडी कुठे येतं ते त्याने स्वतः लिहिलं. मग चोखोबा. भिंत पडली तिथे तो गप्प झाला. मला वाटलं, नको सांगायला हवं होतं का? मग म्हणाला, "त्यांना भिंतीखालून काढायला कोण गेलं?"

मला हे माहीत नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं, नामदेव गेले पंढरपुराहून. ढिगाऱ्यात इतक्या मजुरांची हाडं होती, त्यांतून ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि घेऊन आले.

तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे ते खोरी-फावडी घेऊन आले होते तसे?" त्याला आठवतंय ते. पूर ओसरल्यावर कुठून कुठून मुलं आली होती, नावंही न सांगता दुकानातला गाळ उपसून गेली. एकाने तर याला बिस्किटांचा पुडा दिला होता.

मी हो म्हटलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं, अभ्यासाला बसला.

टेलिमानसला फोन केला. बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, इथल्या डॉक्टरांकडे जायला सुचवलं, पुढच्या आठवड्यात जाते आहे. भरतीच्या वेळांचा कागद काउंटरच्या मागे चिकटवला आहे. गिऱ्हाइकंही बघून जातात, दोघांनी फोटो काढून नेला. मोजपट्टी, पुढच्या महिन्याच्या वेळा कुठे मिळतील तेवढं सांगाल का?